ओरिजिनल की लोकल? : एका मुंबईकर प्रश्नाचा इतिहास

गिरगावातून ऑपेरा हाऊसकडे निघालेल्या माणसाला सँडहर्स्ट पुलाच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. तशीच दुकाने पलीकडे कुंभारवाड्याच्या बाजूस, त्र्यंबक परशुराम स्ट्रीटवरही आहेत. या दुकानांच्या फळीपाशी घटकाभर उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानी पडतो. गिऱ्हाईक गाडीचे नाव सांगून म्हणते, 'प्लग द्या.' आणि दुकानदार मान वर न करताच विचारतो, 'ओरिजिनल देऊ, की लोकल?'

प्रश्न चार शब्दांचा आहे. पण त्याचे उत्तर देताना भलेभले गोंधळतात. ओरिजिनल म्हणावे तर खिशाला चिमटा बसतो. लोकल म्हणावे तर इंजिनाची धास्ती वाटते. शिवाय एक तिसरा शब्द या व्यवहारात दबा धरून बसलेला असतो. तो दुकानदार उच्चारीत नाही, गिऱ्हाईक मात्र मनात म्हणत असते. तो शब्द 'डुप्लिकेट'. या तीन शब्दांचा गुंता मुंबईत कसा झाला आणि तो कसा सोडवावयाचा, एवढाच विषय आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु शहराचा इतिहास केवळ राज्यपालांच्या बंगल्यांतून आणि सभागृहांतून घडत नाही. तो दुकानाच्या फळीवर आणि मिस्त्रीच्या बाकड्यावरही घडत असतो, अशी आमची श्रद्धा आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते, आणि योग्य क्षणी त्यात ठिणगी पाडावी लागते. ही ठिणगी पाडणारा बोटभर लांबीचा भाग म्हणजे स्पार्क प्लग. त्याच्या मध्यातून धातूची कांडी जाते, तिच्याभोवती विजेला अटकाव करणारी चिनी मातीसारखी नळी असते, आणि बाहेरून आटे पाडलेले लोखंडी कवच असते. मधल्या कांडीचे टोक आणि कवचाला जोडलेले वाकडे टोक यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते. तिला मिस्त्री 'गॅप' म्हणतात आणि ती 'थाऊ'त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मोजतात. जुन्या गाड्यांत ती बहुधा वीस ते तीस थाऊंच्या दरम्यान असे. हजारो व्होल्टांचा दाब या फटीवरून उडी मारतो, तीच ठिणगी.

आता प्लग बदलताना चार मापे जुळावी लागतात. आट्यांची जाडी, आट्यांची लांबी, फट, आणि चौथे माप म्हणजे उष्णतेचा क्रमांक. पहिली तीन डोळ्यांना दिसतात, चौथे दिसत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. प्लगचे आतले टोक सुमारे साडेचारशे अंश सेल्सियसच्या वर तापले, तरच त्यावरची काजळी जळून जाते. ते त्याहून थंड राहिले तर काजळी साचते आणि गाडी 'मिसिंग' मारू लागते. उलट तेच टोक साडेआठशे-नऊशे अंशांच्या पलीकडे तापले, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून सौम्य इंजिनाला 'गरम' प्लग आणि जोरकस इंजिनाला 'थंड' प्लग, असा हिशेब ठरलेला आहे. आट्यांची लांबी चुकली तरी अनर्थच. प्लग आखूड असेल तर हेडच्या उघड्या आट्यांत काजळी बसते. लांब असेल तर पिस्टन त्यावर आपटण्याची भीती. हे सारे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील इतिहास समजावयास सोपा जाईल.

विजेच्या ठिणगीने इंजिन चालविण्याचा उद्योग एतियेन लन्वार याने १८६० मध्ये पॅरिसला आपल्या गॅस-इंजिनात केला होता. पण मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली ती १९०२ मध्ये. त्या वर्षी रॉबर्ट बॉश याच्या जर्मन कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास उतरल्या, असे मानले जाते. म्हणजे आपल्या शहरातील मोटार आणि जगातील प्लग ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे म्हणावयास हरकत नाही. त्या काळी गाडी परदेशी, प्लगही परदेशी, आणि मालक बहुधा धनिक. 'ओरिजिनल की लोकल' हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. लोकल असे काही नव्हतेच.

निदान वरून पाहता तसे दिसे. पण त्या परदेशी प्लगच्या पोटात काय असे? आरंभीच्या अनेक प्लगांत, आणि विशेषतः विमानांच्या व शर्यतीच्या गाड्यांच्या प्लगांत, विजेला अटकाव करण्यासाठी अभ्रकाचे पापुद्रे वापरीत. केनेल्म ली गिनेस या मोटार-शर्यतपटूच्या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे के.एल.जी. प्लग अभ्रकासाठीच प्रसिद्ध होते. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला उत्तम अभ्रक पुरविणारा मुख्य देश होता हिंदुस्थान. बिहारच्या, म्हणजे आताच्या झारखंडाच्या, कोडरमा-गिरिडीह भागातील खाणींतून ते निघे, मजुरांच्या हातांनी सोलले जाई आणि कलकत्त्याहून बोटीवर चढे. तेव्हा अपोलो बंदरावर फिरावयास येणाऱ्या एखाद्या साहेबी मोटारीतील विलायती प्लगमध्ये आपल्याच देशातील अभ्रक असण्याचा संभव पुष्कळ होता. पुढे पेट्रोलात शिसे मिसळू लागले, ते अभ्रकास बाधू लागले, आणि अल्युमिनाची भाजलेली नळी त्याच्या जागी आली. पण तोवर एक धडा मिळून गेला होता. डब्यावर ज्या देशाचे नाव, त्याच देशाची सारी वस्तू, असे समजणे बरोबर नाही.

नावाचीच गोष्ट निघाली आहे, तर आणखी एक कथा सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'चँपियन' आणि 'ए.सी.' ही दोन नावे असत, आणि कोणता सरस यावर वादही झडत. गंमत अशी की दोन्ही नावे एकाच माणसाची. आल्बेर शाँपियों हा पॅरिसचा सायकलपटू अमेरिकेत गेला; तेथे त्याचा उच्चार आल्बर्ट चँपियन असा झाला. त्याच्या नावाने प्लगांची एक कंपनी निघाली. पुढे भागीदारांशी फाटले, तो बाहेर पडला, आणि 'चँपियन' हे नाव मात्र भागीदारांकडेच राहिले. मग या गृहस्थाने स्वतःच्याच आद्याक्षरांचा प्लग काढला, तो ए.सी. हा पुढे जनरल मोटर्सच्या गोतावळ्यात गेला. आता चँपियनचा 'ओरिजिनल' प्लग कोणता, चँपियन नावाचा की चँपियनने काढलेला? या प्रश्नाचे उत्तर नावात सापडत नाही.

याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. परळपासून हाकेच्या अंतरावर सुटे भाग खोक्यांतून उतरत आणि गाड्या होऊन बाहेर पडत. त्याच्या दोनच वर्षे आधी, १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस सुरू झाली होती. ट्रामला प्लग लागत नसे, ती तारेवरच्या विजेवर चाले. पण आता शहरात पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या वाढू लागली. धनिकांच्या गाडीबरोबर भाड्याची टॅक्सी आली, मालाची लॉरी आली. ज्याची गाडी उभी राहिली की चूल थंडावते, असा नवा गाडीवान वर्ग या शहरात तयार झाला. प्लग बदलावयाचा कधी आणि कोणता, हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्याचा होता.

'ओरिजिनल' या शब्दाचे मर्म कळावयास येथे आपणास थोडे अमेरिकेकडे वळले पाहिजे. कारण मोटारीबरोबर तो शब्दही तिथूनच आपल्याकडे आला. तेथील प्लगवाले मोटार-कारखान्याला नव्या गाडीत बसविण्यासाठी प्लग देत, ते खर्चाइतक्या किंवा त्याहूनही कमी किमतीस. एका प्लगला अवघे सहा सेंट, असा आकडा पुढे न्यायालयात नोंदला गेला. हा तोटा ते का सोसत? कारण गाडीत जो प्लग बसून आला, त्याच नावाचा प्लग बदलीच्या वेळी मिस्त्री पुन्हा बसवितो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पहिला प्लग जवळजवळ फुकट द्यावयाचा आणि गाडीच्या पुढील आयुष्यात लागणाऱ्या प्लगांवर नफा काढावयाचा, असा तो धंदा होता. फोर्ड कंपनीने १९६१ मध्ये ऑटोलाइट या प्लगवाल्यांचा कारखाना आणि नाव विकत घेतले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले; आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोर्डला ते सोडून देण्याचा आदेश कायम केला.

याचा अर्थ नीट पाहावा. 'ओरिजिनल' म्हणजे सर्वांत चांगला असा त्या शब्दाचा अर्थ मुळात नव्हताच. कारखान्यातून निघताना गाडीत जो होता तो, इतकाच अर्थ. तो तेथे का होता? चांगला होता म्हणून, हे खरे. पण स्वस्तात मिळाला म्हणूनही. माप जुळते की नाही हा प्रश्न वेगळा, आणि नाव जुळते की नाही हा वेगळा. या दोहोंची गल्लत करून देण्यात व्यापाऱ्याचा लाभ होता, आणि ती गल्लत आपण निमूटपणे आयात केली.

त्याच देशात १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, दुसरा एक निवाडा झाला. तो आमच्या मते अधिक मोलाचा आहे. एक व्यापारी वापरलेले चँपियन प्लग गोळा करी, साफसूफ करून, टोके सारखी करून पुन्हा विकी. कंपनीचे म्हणणे, आमचे नाव त्यावरून पुसले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाव पुसण्याची गरज नाही. दुरुस्त केलेल्या जुन्या मोटारीवरून कोणी कारखान्याचे नाव खरवडून काढीत नाही. मात्र प्लगवर 'दुरुस्त केलेला' किंवा 'वापरलेला' हे शब्द ठळक उमटले पाहिजेत. जुना माल विकणे हा अपराध नव्हे. जुना माल नवा म्हणून विकणे हा अपराध. दुसऱ्याचा माल विकणे पाप नव्हे. दुसऱ्याचा माल भलत्याच्या नावाने विकणे पाप. लोकल आणि डुप्लिकेट यांमधील भेद याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

मुंबईच्या बाजाराला मात्र हा भेद शिकविण्याऐवजी परिस्थितीने विसरावयास लावला. दुसरे महायुद्ध सुरू झाले; जर्मन माल बंद झाला, इंग्लंड-अमेरिकेचा माल लष्कराकडे वळला. १९४१ पासून पेट्रोलला रेशन लागले आणि पुष्कळ गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. नवा प्लग दुर्मिळ झाला, तशी जुना प्लग जगविण्याची विद्या वाढीस लागली. वाळूच्या झोताने काजळी उडविणे, झिजलेले टोक कानशीने सपाट करणे, वाकडे टोक हलकेच ठोकून फट पुन्हा जुळविणे, या साऱ्या गोष्टी गॅरेजातील पोऱ्या पहिल्या वर्षातच शिके. आम्ही या विद्येला कमी लेखीत नाही. टंचाईत शहराची चाके फिरती ठेवली ती याच हातांनी. पण त्याच हातकसबातून एक वाकडी वाटही फुटली. जो प्लग साफ करून आपल्याच गिऱ्हाइकाला 'जुनाच आहे, महिनाभर चालेल' असे सांगून बसविता येतो, तोच रंग देऊन, नव्या डब्यात घालून, परक्या गिऱ्हाइकाला नवा म्हणूनही विकता येतो.

स्वातंत्र्यानंतर टंचाई गेली नाही, तिचे कारण तेवढे बदलले. मोटारीचा उद्योग या देशात उभारावा ही आकांक्षा जुनी होती. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास परदेश-प्रवास करून तशी योजना आखली होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी तिचा ध्यास घेतला. परकी सरकारने साथ दिली नाही. तरीही १९४४ मध्ये त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यास गाड्या निघू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना येथे भाग बनवावयाचे नाहीत, केवळ जुळवावयाचे आहेत, त्यांनी धंदा आवरावा, असे धोरण ठरले; आणि १९५४ मध्ये शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. १९५७ मध्ये परकीय चलनाची चणचण भासली, तसे आयातीचे परवाने आणखी आवळले गेले. विलायती प्लग बाजारातून ओसरला; जो मिळे तो दुप्पट-तिप्पट भावाने, हळू आवाजात मिळे.

ती जागा भरून काढली देशी उत्पादनाने. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली होती. तिचा 'मायको' प्लग घरोघर नव्हे तरी गॅरेजोगॅरेज पोचला. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, पण जुन्या मिस्त्रींच्या जिभेवर मायकोच राहिला. कुर्ल्याची फियाट ११०० आणि पुढे तिचीच पद्मिनी झालेली १०८९ घनसेंटीमीटरची गाडी मुंबईची टॅक्सी झाली, आणि तिला चार प्लग लागत. आता पाहा. मूळ फियाट इटलीची. तिकडे तिच्याशी जन्माचे नाते असलेली विजेच्या उपकरणांची कंपनी मारेल्ली. गाडी कुर्ल्यात बनलेली. प्लग बंगलोरचा, विद्या जर्मन. यात ओरिजिनल कोण? आणि लोकल कोण? काटेकोर बोलावयाचे तर बंगलोरचा प्लग सर्वार्थाने लोकलच होता, या मातीतला होता. परंतु बाजारात 'लोकल' हा शब्द शिवीसारखा रूढ झाला तो याच काळात! ज्या गिरगावात विलायती कापडाच्या होळ्या आणि स्वदेशीची व्रते आमच्या वडीलमाणसांनी पाहिली, त्याच गिरगावच्या टोकाला स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांच्या आत 'लोकल' म्हणजे हलका, असा अर्थ ठरून गेला. याची आम्हांला खंत वाटते.

पण नुसती खंत करून भागत नाही. असे का झाले हेही पाहिले पाहिजे. प्लगची मापे सांगणारे आकडे प्रत्येक कारखान्याचे निराळे. चँपियनच्या पद्धतीत आकडा मोठा तसा प्लग गरम. नागोयाच्या एन.जी.के.च्या पद्धतीत आकडा मोठा तसा प्लग थंड. बॉशच्या जुन्या पद्धतीत १७५ हा २२५ पेक्षा गरम. नव्या पद्धतीत क्रम उलटा झाला आणि ५ पेक्षा ७ गरम ठरला. आता परळच्या टॅक्सीवाल्याने हे कुठे शोधावे? कंपन्यांचे जुळणीचे तक्ते दुकानांत असत, पण ते इंग्रजीत, फळीच्या आतल्या बाजूस टांगलेले. तक्ता न पाहता 'हा बसतो ना, मग चालेल' असे म्हणून दिलेला चांगल्या कारखान्याचा प्लगही गाडी बिघडवी. आणि दोष लागे तो 'लोकल' या शब्दाला. चूक मापाची, बदनामी देशाची!

आमच्याच एका अनुभवाने हे स्पष्ट होईल. परळच्या चाळीतील आमचे एक शेजारी फियाट टॅक्सी चालवीत. गाडी भाड्याची; मालकाचे पैसे दिल्यावर जे उरेल त्यावर पाच माणसांचे घर. एकदा त्यांनी 'लोकल नको' असा निश्चय करून, चार पैसे अधिक मोजून, एका दुकानातून नामांकित कंपनीचे चार प्लग आणले. डबे कोरे करकरीत. तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीने लालबागचा रस्ता चढताना गाडी आचके देऊ लागली. उतारू उतरून गेले. आम्ही त्यांच्याबरोबर लालबागच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने प्लग काढला, भिंगाशिवाय नुसता नखाने कवचावरचा रंग खरवडला, आणि मधल्या कांडीच्या टोकावरचे कानशीचे ओरखडे आम्हांला दाखविले. म्हणाला, 'काका, डबा नवा आहे. प्लग तुमच्या गाडीपेक्षा म्हातारा आहे.' मग त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकविलेला मळका तक्ता उतरवून पाहिला, आणि दुसऱ्याच, फारसे नाव नसलेल्या एका देशी कारखान्याचे चार प्लग, गॅप मोजून बसवून दिले. ते त्या गाडीत वर्षभर विनातक्रार चालले. शेजाऱ्यांचा एक दिवसाचा धंदा बुडाला, आणि त्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी उशिरा भरली गेली. हा आकडा कोणत्याही अहवालात येणार नाही. पण डुप्लिकेट मालाची खरी किंमत ती आहे. त्यांनी 'ओरिजिनल' नावावर विश्वास ठेवून फसवणूक विकत घेतली, आणि ज्याला ते घाबरत होते त्या 'लोकल'ने त्यांना तारले.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिला तीनच प्लग लागत. तिच्यामागून जपानी मापे आणि जपानी नावे बाजारात शिरली. १९९१ नंतर आयातीची कवाडे उघडली, आणि टंचाई संपली. शिसेरहित पेट्रोल आले; फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. मुंबईच्या टॅक्सींना उच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर मोठ्या प्रमाणावर सी.एन.जी. गॅसकडे वळावे लागले. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडावयास अधिक दाब लागतो. म्हणून फट थोडी कमी ठेवणे आणि प्लग लवकर बदलणे भाग पडे. येथे गंमत झाली. जी गाडी कारखान्यातून पेट्रोलसाठी निघाली, ती आता गॅसवर चालणार. मग तिच्या पुस्तकातील 'ओरिजिनल' फट तिला कशी चालावी? पुस्तकाला जे ठाऊक नव्हते ते ताडदेव-परळच्या मिस्त्रींनी प्लगच्या टोकाचा रंग पाहून ठरविले. तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर काजळी, पांढरा असेल तर फाजील उष्णता, ही त्यांची बाराखडी.

टंचाई संपली तरी प्रश्न संपला नाही. तो दुसऱ्या दाराने आला. पूर्वी माल मिळत नव्हता. आता माल असून तो बाहेर मिळू दिला जात नाही, अशी तक्रार होऊ लागली. भारतीय स्पर्धा आयोगापुढे हे प्रकरण आले आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार-कंपन्यांना एकूण सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले पाहिजेत, आणि केवळ बाहेरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. या आदेशावर अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. पण त्यातील तत्त्व आम्हांला न्याय्य वाटते. १९४७ च्या त्या अमेरिकी निवाड्याशी ते सख्ख्या भावासारखे जुळते. मालकाला निवडीचा हक्क असावा, आणि विकणाऱ्यावर खरे सांगण्याचे बंधन असावे.

ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या कार्यालयात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदविली गेली. वीस वर्षांची मुदत भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा पुष्कळ मुंबईकरांनी डोळे पुसले. विजेच्या गाड्या वाढत आहेत. त्यांना स्पार्क प्लग लागत नाही, जसा तो दादर ट्राम टर्मिनसपर्यंत येणाऱ्या जुन्या ट्रामला लागत नव्हता. कदाचित आपल्या नातवंडांना हा बोटभर लांबीचा भाग वस्तुसंग्रहालयात पाहावा लागेल. पण म्हणून आमचा विषय शिळा होत नाही. प्लगच्या जागी उद्या बॅटरीचा घट येईल, विजेचा भरणा करणारे यंत्र येईल, आणि फळीपलीकडून तोच प्रश्न येईल, 'ओरिजिनल देऊ, की लोकल?'

त्या वेळी काय उत्तर द्यावे? शंभर-सव्वाशे वर्षांच्या या इतिहासातून आम्हांला दिसते ते इतकेच. ओरिजिनल हे गाडीच्या जन्माचे वर्णन आहे, गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. लोकल ही बनविणाऱ्याच्या गावाची खूण आहे, हलकेपणाची नव्हे. डुप्लिकेट ही मात्र सरळ लबाडी आहे, आणि ती सर्वांत अधिक वावरते ती 'ओरिजिनल'च्याच वेषात. कारण ज्या नावाला भाव नाही त्याची नक्कल कोण करील? म्हणून आपण नावावरून भांडू नये. दुकानदाराला म्हणावे, 'तक्ता दाखवा.' आटे जुळतात का, लांबी जुळते का, उष्णतेचा क्रमांक जुळतो का, फट मोजली का, आणि डब्यावर जे लिहिले आहे ते आतल्या वस्तूशी जुळते का, एवढे पाहावे. आणि जुना प्लग काढल्यावर तो दुकानात किंवा गॅरेजात तसाच सोडून येऊ नये. त्याचे टोक मोडून टाकावे, म्हणजे तो पुन्हा कोऱ्या डब्यात शिरून दुसऱ्या एखाद्या टॅक्सीवाल्याचा दिवस बुडविणार नाही. लालबागच्या त्या मिस्त्रीने आमच्या शेजाऱ्यांचे चारही प्लग त्याच दिवशी हातोडीच्या एकेका घावाने निकामी केले होते, हे आम्ही पाहिले आहे. त्याने त्याबद्दल काही भाषण केले नाही. पण नागरिकाचे कर्तव्य म्हणजे काय, हे आम्ही त्या दिवशी त्याच्या बाकड्यापाशी शिकलो.